मैत्रिणीकडचा हरिपाठ आणि आपली रविवारची मिस्सा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी सत्तावीस वर्षांची, कॅथलिक, मूळची वसईकडची, आता बोरिवलीत राहते. ऑफिसातली जवळची मैत्रीण वारकरी घरातली. तिच्याकडे संध्याकाळचा हरिपाठ ऐकता ऐकता हिला गोडी लागली. मग तुकोबांचे अभंग वाचायला घेतले, आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात जाऊन आली, आणि आता कुणीतरी विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर सुचवलंय. रविवारच्या मिस्सेपेक्षा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपेक्षा, तिकडे जास्त शांत वाटतं, असं ती लिहिते. आई म्हणते, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. सोसायटीच्या गणपतीत आरतीला उभं राहावं का, प्रसाद घ्यावा का, हेही तिने विचारलंय. आणि शेवटी लिहिते की मी येशूला सोडलेलं नाही, सोडायचंही नाही. पण असं शिकता शिकता माझी श्रद्धा पातळ होत जाईल का?

मी उपनगरातल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) प्रौढांना धर्मशिक्षण देते, आणि आंतरधर्मीय लग्न ठरलेल्या जोडप्यांशी लग्नाआधी बोलण्याचं कामही बरीच वर्षं करते आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या कपड्यांत येतच असतो. कधी नवी नवरी विचारते, कधी कॉलेजातला मुलगा, आणि बऱ्याचदा काळजीत पडलेली आई.

तुम्हाला दोन तऱ्हेचे सल्ले मिळत असतील. घरचे म्हणतात, जाऊच नकोस. ऑफिसातले म्हणतात, अगं सगळे देव एकच, कशाला एवढा विचार करतेस? मला विचाराल तर या दुसऱ्या सल्ल्याने जास्त नुकसान होतं. तो दिसतो मोठ्या मनाचा, पण त्यात समोरच्याचं ऐकून घ्यायची गरजच उरत नाही. तुमच्या मैत्रिणीच्या वडिलांसाठी विटेवर उभा असलेला पांडुरंग म्हणजे कुठल्या तरी धूसर शक्तीचं एक नाव नव्हे. त्या काळ्या मूर्तीच्या पायांवर डोकं टेकवायला ते चालत जातात. तसंच क्रुसावर मेलेला आणि तिसऱ्या दिवशी उठलेला येशू हा माझ्यासाठी अनेक रूपांपैकी एक नाही. दोघांनाही 'तुमचं एकच आहे हो' म्हणून गप्प केलं, तर दोघांचाही अपमान होतो, फक्त गोड शब्दांत.

मुसलमान शेजाऱ्यांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. कुराणात मरियेच्या नावाचा एक आख्खा अध्याय आहे आणि तिच्याबद्दल त्यात अपार आदर आहे. पण तेच कुराण ईसाला पैगंबर मानतं, देवाचा पुत्र मानत नाही, आणि त्याला क्रुसावर मारलं गेलं हेही नाकारतं. माहीममध्ये चर्च आणि दर्गा एकाच वस्तीत आहेत. तिथला एखादा श्रद्धाळू मुसलमान मला हे सरळ सांगतो आणि मी त्याला माझा विश्वास सरळ सांगते, तेव्हा आमच्यात जी मैत्री होते ती टिकाऊ असते. फरक झाकून केलेली मैत्री पहिल्या लग्नाच्या किंवा पहिल्या मयताच्या वेळी उघडी पडते. हे मी जोडप्यांमध्ये पाहिलंय: वर्षभर 'आमच्यात काही फरक नाही' म्हणणारे, आणि बाळाच्या बाप्तिस्म्याचा विषय निघाला की चार महिने अबोला.

आता ख्रिस्तसभेचं, म्हणजे कॅथलिक चर्चचं, म्हणणं, कारण आईला ते हवं असेल. नोव्हेंबर-डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा मोठा मेळावा, भरली होती, ओव्हल मैदानावर. पोप सहावे पॉल त्यासाठी आले. भारतात आलेले ते पहिले पोप. इतर धर्मांच्या प्रतिनिधींशी बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली: असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय. आमच्या पिढीच्या आईवडिलांपैकी अनेकजण त्या गर्दीत होते, त्यामुळे ही गोष्ट ओळखीतल्या एखाद्या आजीला विचारली तरी तुम्हाला सापडेल. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, इतर धर्मांबद्दलचं आपलं निवेदन प्रसिद्ध केलं. या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असं त्यात म्हटलंय. हिंदू धर्माबद्दल बोलताना तत्त्वचिंतन, तप आणि ध्यान यांच्याबरोबर प्रेमाने आणि विश्वासाने देवाकडे धाव घेण्याचाही उल्लेख आहे. वारकऱ्याला याहून नेमकं कोण ओळखणार? पण लोक इथेच वाचायचं थांबवतात. त्याच परिच्छेदात पुढे आहे की ख्रिस्त हा मार्ग, सत्य आणि जीवन आहे, आणि त्याची घोषणा करणं ख्रिस्तसभेला चुकत नाही. दोन्ही वाक्यं एकाच दमात लिहिलेली आहेत. आई दुसरं वाक्य धरून बसली आहे, तुम्ही पहिलं. दोघींनी बसून आख्खा परिच्छेद वाचा.

तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त थांबले ते मात्र वेगळंच: तिकडे जास्त शांत वाटतं.

वाटत असणारच. पण ही शांती पाहुणीची आहे. पाहुणीला कुणी वर्गणी मागत नाही, सतरंज्या उचलायला लावत नाही, गेल्या वर्षी दिंडीच्या हिशोबावरून कोण कुणाशी भांडलं हे तिला ठाऊक नसतं. ती येते, बसते, टाळ-मृदंग ऐकते, चहा घेते, निघते. मिस्सेत तुम्ही घरच्या आहात. गायनवृंदात कोण का रुसलंय हे माहीत, फादरांचं प्रवचन कुठल्या वळणावर लांबणार हेही माहीत, आणि शेजारच्या बाकावरची मावशी लग्नाचं काय म्हणून विचारणार हे तर पक्कंच. हे सगळं डोक्यात घेऊन बसल्यावर शांती कुठून मिळणार? याच्या उलट दृश्य पाहायचं असेल तर बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये जा. १९४८ पासून तिथे नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना) चालू आहे आणि रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात. त्यातल्या एखाद्या हिंदू ताईंना विचारलंत तर त्या म्हणतील, आमच्या देवळात गर्दी, गोंगाट. इथे कसं शांत वाटतं!

मैत्रिणीच्या वडिलांना एकदा विचारा, काका, तुमचं रोज हरिपाठात मन लागतं का? मी ज्या ज्या वारकऱ्यांशी बोलले त्यांच्यातल्या कुणीही 'रोज लागतं' असं म्हटलेलं नाही. लागो न लागो, म्हणायचा. गळ्यात तुळशीची माळ आहे म्हणजे मांस-मासळी बंद, एकादशी करायची, वर्षाची वारी चुकवायची नाही. मनाची लहर कशी आहे हे त्या नेमात कुणी विचारतच नाही. माझ्या मते तुम्ही तिथून पहिली शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि ती शांत वाटण्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे. आता जरा आठवा, ज्या वेळी त्यांच्याकडे हरिपाठ होतो, त्याच वेळी वसईच्या घरी तुमची आजी सगळ्यांना रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला, बसवायची की नाही? बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये ती का बंद पडली? लोकलच्या वेळा, शिफ्ट, थकवा, सगळं मान्य. पण वारकऱ्याच्या घरातल्या माणसांनाही विरार लोकलच पकडायची असते.

म्हणून मी ज्यांना ज्यांना सांगते त्यांना एकच अट सांगते. तिकडचं जेवढं वाचाल, तेवढाच वेळ शुभवर्तमानाला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या कथेला, द्या. अर्धा तास तुकोबा तर अर्धा तास लूक. आणि लूक अशा रीतीने वाचा की जणू तुम्ही इथेही पाहुणी आहात, पहिल्यांदाच आलात. पंधराव्या अध्यायातला तो बाप, दुरून मुलाला पाहून धावत सुटणारा, हा तुकोबांच्या विठाबाईपासून फार लांब वाटत नाही, हे तुमच्या आपोआप लक्षात येईल. मग फरकही लक्षात येईल, आणि त्या फरकापाशी बसून राहता आलं पाहिजे.

हे आपल्याकडे नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून आलेले जेसुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठीत लिहिली ती ओवीत, पुराणाच्या थाटात. १६१६ मध्ये ती छापून निघाली. ज्ञानोबा-एकनाथांनी घडवलेलं छंदाचं भांडं त्यांनी उचललं आणि त्यात आपलं द्रव्य भरलं. तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो असं ते सांगत. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी तुकोबांना टाकून दिलं नाही. भजन, कीर्तन, अभंग सगळं घेऊन आले. मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आजही त्यांची गीतं म्हटली जातात, आणि ती गाणाऱ्या कुणाची श्रद्धा पातळ झाल्याचं मी ऐकलेलं नाही. फादर गी दलरी हे फ्रेंच जेसुइट तर पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेले आणि १९६० मध्ये विठोबाच्या उपासनेवर त्यांचा अभ्यासग्रंथ आला. चालले वारकऱ्यांबरोबर, आणि चालताना ख्रिस्ताचेच राहिले.

रोमनेही १९६९ मध्ये भारतातल्या उपासनेसाठी बारा गोष्टींना मान्यता दिली: पादत्राणं काढणं, जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, समई, आरती वगैरे. तेव्हा मराठी मिस्सेत आरती पाहून नाक मुरडणारी काकी ही जुन्या परंपरेची राखण करते आहे असं समजू नका. तिला न विचारता आरती तिच्या जन्माआधीपासून किंवा लहानपणापासून मंजूर आहे, एवढंच.

इथे मात्र एक अप्रिय गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. तुम्ही बोरिवलीत राहता, तर मंडपेश्वरच्या लेण्यांत एकदा जाऊन या. मूळची शैव लेणी. पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन साधूंनी तिथे चर्च आणि मठ उभारला. वरती त्याचे अवशेष आहेत आणि आत भिंतीवर जुन्या शिल्पाच्या जागी कोरलेला क्रूस दिसतो. स्टीफन्सनी ओव्या लिहिल्या त्याआधीच्या दशकांत गोव्यात पोर्तुगीज सत्तेखाली देवळं पाडली गेली. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज याच काळात ख्रिस्ती झाले. त्याची लाज मानून आजची श्रद्धा सोडायची गरज नाही. पण ज्याला दुसऱ्याच्या धर्माचा आदर करायचा आहे त्याने त्या क्रुसासमोर पाच मिनिटं तरी उभं राहावं. कुणी हिंदू मित्र हा विषय काढतो तेव्हा 'ते फार जुनं झालं' असं म्हणून झटकू नये.

आणि दुसरी बाजूही. आदर म्हणजे डोळे मिटणं नव्हे. मराठी ख्रिस्ती समाजातला मोठा भाग, विशेषतः नगर-जालन्याकडून मुंबईत आलेली घरं, ज्या जातींतून आली त्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहायची मुभा नव्हती. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेर आहे. त्यांना आत कधी जाताच आलं नाही. ते मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. त्यामुळे एखादा ख्रिस्ती आजोबा तुमच्या अभंगप्रेमावर गप्प बसला तर त्याला संकुचित म्हणू नका. त्याच्या घरात ती आठवण जिवंत असेल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या माणसालाही हेच लागू. संतांकडून शिकायचं असेल तर चोखोबांपासून सुरुवात करा, म्हणजे भक्ती आणि अन्याय दोन्ही एकदम दिसतील. (आपल्याकडे जात नाही असं मात्र कुणाला सांगू नका. स्थळ पाहताना 'कुठल्या समाजातले' हा प्रश्न ख्रिस्ती घरांतही पहिल्या पाच मिनिटांत येतो.)

आता गणपती. दरवर्षी ऑगस्टमध्ये मला यावर फोन येतात, म्हणून जरा सविस्तर.

प्रसादाबद्दल संत पौलने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा हे अध्याय वाचा. करिंथची परिस्थिती मुंबईसारखीच होती: शेजारी मूर्तिपूजक, बाजारातलं मांस देवळातून आलेलं, जेवणाची आमंत्रणं रोजची. पौल एका ठिकाणी म्हणतो, बाजारात मिळतं ते शंका न काढता खा. लगेच म्हणतो, कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याने मूर्तींच्या मेजावर बसू नये असंही बजावतो. यावरून मुंबईतले ख्रिस्ती दोन गटांत वाटले गेलेत. बरेच प्रॉटेस्टंट, आणि काही कॅथलिकसुद्धा, प्रसाद घेतच नाहीत. त्यांना मी चूक म्हणणार नाही.

माझं स्वतःचं मत असं: पौलला काळजी आहे ती समोरचा काय समजेल याची. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू मोदक घेऊन येतात तेव्हा मी गणपती मानायला लागले असं त्यांना वाटत नसतं. त्यांच्या घरी सण आहे आणि शेजारणीचं तोंड गोड करायचंय, इतकंच. मी दोन्ही हातांनी घेते आणि खाते. पण घरात कुणी नव्याने विश्वासात आलेलं असेल, जुनी पूजा नुकतीच सोडलेलं, आणि माझ्या खाण्याने ते गोंधळणार असेल, तर त्याच्यासमोर नाही खात. ज्याचं मन मुळीच घेत नाही त्याने तोंडावर 'नको' म्हणून वळू नये. हात जोडावेत, दोन वाक्यं प्रेमाने बोलावीत: काकू, आमच्याकडे हे घेत नाहीत, पण तुमच्या हातची पुरणपोळी एरवी नक्की मागून खाईन. मुंबईतल्या बायकांना हे लगेच कळतं. त्यांच्याही घरात कुणाचा सोमवार असतो, कुणी कांदा-लसूण खात नाही.

आरतीला उभं राहा. सगळे उभे असताना कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसणं हा उर्मटपणा झाला. पण आरतीचं ताट आपल्या हातात आलं तर पुढच्याकडे द्या. ओवाळणारा हा उपासक असतो, आणि तिथे आपण उपासक नाही. मांडवाच्या वर्गणीतही भाग घ्या, रोषणाई आणि जेवणावळ सगळ्यांची असते. पूजेला मात्र बसू नका, अगदी सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'यंदाचा मान तुमचा' असं मोठ्या मनाने म्हटलं तरी.

हे त्यांना दुखवेल असं वाटतं ना? मग आपल्याकडे काय होतं ते पाहा. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला किती हिंदू, मुसलमान, पारशी येतात. मेणाचे हात-पाय, मेणाचं घर, मेणाचं बाळ घेऊन माउलीपुढे ठेवतात. त्यांना आपण मेणबत्ती लावू देतो, बाकावर बसू देतो, पण ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घेण्याच्या, वेळी बऱ्याच चर्चमध्ये सांगितलं जातं की फक्त कॅथलिकांनी पुढे यावं. कुणी रागावत नाही. आपण जी मर्यादा पाहुण्यांना घालतो, तीच आपण पाहुणे असताना पाळली तर त्यात तुसडेपणा कसला? पारशांच्या अग्यारीत तर आपल्याला प्रवेशच नसतो, म्हणून मुंबईत पारशांबद्दल कुणाच्या मनात अढी आहे का?

राजवाड्यात, ऑफिसात, मालकाबरोबर अडकलेल्यांसाठी जुन्या करारात एक छोटी गोष्ट आहे, ती फार कमी लोकांना आठवते. अरामी सेनापती नामान बरा होतो, इस्राएलाच्या देवाला मानू लागतो आणि अलीशाला विचारतो: माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर भार देऊन वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल का? अलीशा त्याला नियमांचं भाषण देत नाही. शांतीने जा, म्हणतो. ऑफिसातल्या दसऱ्याच्या पूजेत बॉसच्या शेजारी उभं राहावं लागणाऱ्या एका तरुणाला मी ही गोष्ट वाचायला दिली होती.

विपश्यनेबद्दल माझा सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही. दहा दिवसांच्या शिबिराचे नियम आधी नीट वाचा. मौन, पहाटे चारला उठणं, पंचशील, हे सगळं ठीक. पण सुरुवातीला बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याचं वचन म्हटलं जातं, आणि त्या दहा दिवसांत आपली प्रार्थना, जप, जपमाळ, धार्मिक वस्तू सगळं बाजूला ठेवायला सांगतात. त्यांच्या बाजूने हे रास्त आहे. दोन पद्धतींची भेसळ झाली तर आपली पद्धत पारखता येत नाही असं त्यांचं म्हणणं. शिवाय दहा दिवसांत किमान एक रविवार येतोच आणि मधून बाहेर पडता येत नाही, म्हणजे मिस्सा बुडणार. अनेक कॅथलिक, त्यात धर्मगुरूही, ही शिबिरं करून आलेत. त्यातले जे आधीपासून प्रार्थनेत मुरलेले होते त्यांना त्याचा उपयोग झाला. तुमची सध्या रोजची प्रार्थनाच सुटलेली आहे, आणि अशा वेळी ती दहा दिवस अधिकृतपणे बंद ठेवणं मला शहाणपणाचं वाटत नाही. जायचंच ठरलं तर आधी तुमच्या धर्मगुरूंशी बोला आणि तिथे त्यांचे नियम प्रामाणिकपणे पाळा. उशीखाली रोझरी लपवून जाणारे मला भेटलेत. त्यांनी ना त्यांच्या यजमानांचा मान राखला ना रोझरीचा.

नुसती चव घ्यायची असेल तर गोराईच्या पॅगोड्यात आनापानाची, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याच्या ध्यानाची, छोटी सत्रं असतात, तिथे जाऊन या. आणि परत आल्यावर हेही शोधा की आपल्याकडे संत इग्नेशियसची तीस दिवसांची मौन साधना आहे, आणि श्वासाबरोबर येशूचं नाव घेण्याची वाळवंटातल्या साधूंची प्रार्थना त्याहून कितीतरी जुनी आहे. आमच्या वर्गात येणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांना हे माहीतच नसतं. त्यात दोष त्यांचा कमी, आम्हा शिकवणाऱ्यांचा जास्त. आम्ही त्यांना प्रश्नोत्तरं पाठ करायला लावली आणि बसायला शिकवलंच नाही.

एक सावधगिरी. मैत्रिणीच्या घरी जाताना मनात 'हळूहळू यांना येशूकडे आणू' असा छुपा बेत ठेवू नका. त्यांना तो कळतो, आणि सध्याच्या वातावरणात तर ख्रिस्ती माणूस दारात आला की शंका आधीच बसलेली असते. पण कुणी विचारलं की तू का मानतेस येशूला, तर लाजूनही बसू नका. पेत्राच्या पहिल्या पत्रात यासाठी सौम्यता आणि आदर हे दोन शब्द वापरलेत, पण उत्तर द्यायला तयार राहा असंही लिहिलंय. तुमचं उत्तर काय आहे? मला सांगू नका, पण स्वतःला एकदा कागदावर लिहून पाहा. ते लिहिता आलं नाही तर तुकोबांना दोष देता येणार नाही.

श्रद्धा पातळ होते आहे हे कसं ओळखायचं, याची माझी खूण सोपी आहे. अभंग ऐकून डोळ्यांत पाणी आलं तर काही बिघडलेलं नाही. येशूने स्वतः रोमी शताधिपतीबद्दल म्हटलं की एवढा विश्वास मला इस्राएलात सापडला नाही. पण घरी कुठे गेले होते ते सांगायचं टाळायला लागलात, फादरांना भेटणं टाळायला लागलात, आणि ख्रिस्ती माणसांबद्दल बोलताना 'हे लोक' असं तोंडात यायला लागलं, की थांबा आणि कुणाशी तरी बोला.

आईशी बोलताना व्हॅटिकनच्या निवेदनाने सुरुवात करू नका, ते नंतर. तिला भीती तत्त्वज्ञानाची नाही. मुलगी हातची जाईल याची आहे, आणि बहुधा लग्नाचीही. आधी घरची रोझरी पुन्हा सुरू करा, आठवड्यातून दोनदा का होईना, आणि तिला पुढे बसवा. मग मैत्रिणीला आणि तिच्या आईवडिलांना जेवायला बोलवा. इतके दिवस तुम्हीच त्यांच्याकडे जाताय. त्यांनीही एकदा तुमचं घर, तुमची वेदी, जेवणाआधीची तुमची प्रार्थना पाहू दे. आईला सांगा की त्यांच्या घरी माळ आहे, तेव्हा सुकटही नको आणि अंडंही नको. भांड्यांचं विचारलं तर नवीन पातेलं आणा. आणि दिवस ठरवायच्या आधी कॅलेंडरवर एकादशी बघून घ्या.